शोकेसमधली बायको

त्या स्टुडिओत एक नियम होता आणि तो कुठेही लिहून टांगलेला नव्हता. बाई फोटोला बसली की तिची दहा वर्षं कमी करायची. पुरुष बसला की त्याची सगळी ठेवायची, कपाळावरच्या आठीसकट. फोटो काढायचं काम नवऱ्याचं, वर्षं काढून टाकायचं काम बायकोचं. अठ्ठावीस वर्षं दोघांचा धंदा असा बिनबोभाट चालला होता. रस्त्यावरच्या दुकानदारांनी त्यांना नावंही त्यावरूनच पाडली होती. तो फोटोसाहेब आणि ती पेन्सिलबाई.

पेन्सिलबाईचं काम आता कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. तेव्हा फोटो काढल्या काढल्या दिसत नसे. आधी तळहाताएवढी निगेटिव्ह धुऊन निघायची, आणि तिच्यावर सगळं उलटं असायचं. काळे केस पांढरे, पांढरे केस काळे. सुरकुती म्हणजे एक फिकट रेघ. मागच्या खोलीत खिडकीपाशी पेन्सिलबाईचं उतरतं मेज होतं, मेजाच्या मधोमध दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडायचा, तिथून काचेवर यायचा आणि निगेटिव्ह आतून उजळायची. मग ती पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायची आणि त्या फिकट रेघेत स्वल्पविरामाएवढे बारीक बारीक फटकारे भरत जायची. रेघ भरली की छापलेल्या फोटोत सुरकुती गायब. कुणाच्या डोळ्यांखालचं, कुणाच्या ओठांच्या कडेचं, कुणाच्या मानेवरचं. शेकडो बायकांना तिने असं धुऊन-पुसून त्यांच्या घरी पाठवलं होतं. एकीलाही तिने कधी विचारलं नव्हतं की, तुमचं काय काय काढू? विचारायचं काय त्यात? भांडी घासताना कुणी विचारतं का, खरकटं ठेवू का म्हणून?

स्टुडिओच्या दर्शनी बाजूला काचेची शोकेस होती. तिच्यात शेजारी शेजारी दोन मोठ्या फ्रेम. एकीत फोटोसाहेब, दुसरीत पेन्सिलबाई. स्टुडिओ उघडला तेव्हा तो तिशीचा होता आणि ती अठ्ठावीस वर्षांची. तेव्हाचे दोघांचे फोटो लावले होते. पुढे तो चाळिशीला आला तेव्हा म्हणाला, "माझा हा फोटो फार पोरकट वाटतो. लोकांना वाटायला पाहिजे की, हा माणूस मुरलेला आहे." त्याने नवा लावला. पन्नाशीला पुन्हा बदलला. त्यात कानशिलं पिकलेली. तिने एकदा भीत भीत म्हटलं, "मग माझाही बदलू या की."

"छे छे! तुझ्या त्या फोटोवर आपलं दुकान उभं आहे. बायका तो बघूनच पायरी चढतात."

तेव्हा तिला ते ऐकून बरं वाटलं होतं. अगदी मनापासून बरं वाटलं होतं, हे तिला पुढे आठवायचं आणि स्वतःचाच राग यायचा.

तर शोकेसमध्ये नवरा म्हातारा होत गेला आणि बायको अठ्ठावीस वर्षांचीच राहिली. काउंटरवर बसणारी तिची नणंद म्हणायची, "वहिनी, तुमची सवत आज उन्हात काय खुलून दिसतेय!" नणंद नवऱ्याहून पाच वर्षांनी धाकटी, एकटी, माडीवरच्या खोलीत राहायची. तयार फोटो पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या हाती देण्याचं काम तिचं. त्यामुळे ती रस्त्याला पाकीटताई म्हणून ठाऊक होती. जीभ भलती तिखट, पण पेन्सिलबाईवर जीव.

पहिल्यांदा ठिणगी पडली ती बँकेच्या नव्या मॅनेजरच्या बायकोमुळे. ही बाई बदलीच्या गावी नुकतीच आलेली, लेकराचा फोटो काढायला आली. लेकराला खुळखुळा दाखवून झाला, फोटो निघाला. जाता जाता ती शोकेसकडे बोट करून फोटोसाहेबांना म्हणाली, "तुमची मुलगी किती गोड आहे हो! कुठे असते?"

फोटोसाहेब हसला. आणि इथेच त्याचं चुकलं, कारण तो नुसताच हसला, लगेच काही बोलला नाही. तेवढ्यात मागच्या खोलीतून पेन्सिलबाई बाहेर आली, चष्मा कपाळावर, बोटं शिशाने काळी.

"आणि या तुमच्या थोरल्या बहीण का? चेहरेपट्टी मिळते अगदी."

पाकीटताईच्या हातून पाकिटांचा गठ्ठा सुटला. "बहीण मी आहे," ती म्हणाली. "आणि थोरली नाही, धाकटी. ही माझी वहिनी. शोकेसमधलीही हीच."

बाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अय्या, सॉरी हं," असं म्हणून ती लेकराला काखोटीला मारून निघून गेली. फोटोसाहेब खुर्चीत बसून पोट धरधरून हसला. त्या दिवशी त्याने तो किस्सा समोरच्या शिंप्याला सांगितला, शेजारच्या औषधवाल्याला सांगितला, जेवताना बहिणीला पुन्हा सांगितला, ती त्या वेळी दुकानातच हजर असूनही. "आमच्या हिला चक्क माझी थोरली बहीण केलं!" पेन्सिलबाईही हसली. न हसून सांगते कुणाला? वय झालं की बायका चिडचिड्या होतात, असं म्हणायला सगळे टपलेलेच होते.

पण त्या दिवसापासून तिच्या पोटात दुखायला लागलं. ती नवऱ्याकडे बघायला लागली, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघावं तसं, रेघ न् रेघ. त्याला चष्मा लागला तेव्हा लोक म्हणाले होते, आता कसे प्रोफेसर दिसता. तिला लागला तेव्हा औषधवाल्याने विचारलं, "बाई, डोळे गेले का हो?" त्याचं पोट सुटलं तर तब्येत सुधारली. त्याचे केस पिकले तर शोभले. तिचे पहिले चार पिकले त्याच आठवड्यात पाकीटताईने न बोलता कलपाची बाटली न्हाणीघरात आणून ठेवली होती. तो कुणाचं नाव विसरला तर कामाचा व्याप. ती विसरली तर...

आणि त्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं. तो आपला मजेत म्हातारा होत होता. एखाद्याला आयतं घर मिळावं आणि त्याने शीळ घालत खोल्यांतून हिंडावं, तसा. तिला त्याचा जळफळाट व्हायचा. कधी कधी वाटायचं, याने आजारी पडावं. फार नाही, चार दिवस. लोकांनी म्हणावं, "फोटोसाहेब, खंगलात हो!" मग ती स्वतःच्याच विचाराने दचकायची आणि त्याच्या चहात जास्त दूध घालायची.

अशात व्यापारी मंडळाने फोटोसाहेबांना अध्यक्ष केलं. पेपरात फोटो छापून यायचा होता, आणि अर्थातच शोकेसमधलाही बदलायचा होता. तो स्वतःच खुर्चीत बसला, दिवे लावले, आणि दाबला की फोटो निघतो तो कॅमेऱ्याचा रबरी फुगा बायकोच्या हातात दिला.

"दिवा बाजूने असू दे. रेघा उठू देत," तो म्हणाला. "अठ्ठावन्न वर्षं फुकट नाही घालवलेली."

तिने फुगा दाबला.

मंडळाच्या बैठका सुरू झाल्याने धुण्या-छापण्याचं सगळं तिच्याकडेच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निगेटिव्ह तिच्या दुधी काचेवर उजळली. मेजाच्या कडेला पाकीटताईने चिठ्ठी टाचली होती: 'दादा म्हणाला, पेन्सिल लावू नका, तसाच ठेवा.'

ती बघत बसली. डोळ्यांच्या कडांना त्या पंख्यासारख्या रेघा. दोन भुवयांमधली उभी खाच. ही खाच मुलीला विषमज्वर झाला होता तेव्हाची. एकवीस दिवस दोघं पोरीच्या उशाशी आळीपाळीने बसले होते. ओठाच्या डाव्या कडेची रेघ दुकान जळता जळता वाचलं तेव्हाची. तिने हात वर करून स्वतःच्या भुवयांमध्ये बोट लावलं. खाच तिथेही होती. असणारच. तोच ताप, तीच जागरणं, तेच दुकान. त्याच्या तोंडावर त्याचा अनुभव झाला होता. तिच्या तोंडावर तेच म्हणजे पेन्सिलीचं काम.

तिने शिसं घासायला घेतलं.

दोन दिवस लागले. इतकं निगुतीने काम तिने वर्षभरात कुणाचं केलं नव्हतं. रेघ न् रेघ भरली. गालाखालची सावली भरली. मग बारीक पातं घेऊन कानशिलावरची दाट जागा हलक्या हाताने खरवडली, म्हणजे छापल्यावर केस काळे यावेत. हनुवटीखालचं लोंबतं मांस तिने असं उडवलं की, नामी न्हावीही दाढी करताना लाजला असता. मग स्वतः फोटो छापला, वाळवला, पाकिटात घातला आणि पाकीट बंद करून नणंदेच्या हाती दिलं. "पेपरवाल्यांकडे द्या, वन्सं."

"दादाने बघितला?"

"सगळे बघतील की."

शनिवारी सकाळी पेपर आला. फोटोसाहेबांनी तो उघडायच्या आतच समोरचा शिंपी दारात उभा. "काय फोटोसाहेब, पुन्हा लग्नाला उभे राहिलात की काय?" मागोमाग औषधवाला. "गालाला काय चोळता, नाव तरी सांगा. दुकानात ठेवतो." पेपरात, 'व्यापारी मंडळाचे ज्येष्ठ अध्यक्ष' या अक्षरांच्या वर, एक गुळगुळीत, काळ्या केसांचा, सोललेल्या अंड्यासारखा माणूस हसत होता. दुपारपर्यंत अख्खा रस्ता येऊन गेला. मंडळाच्या चिटणीसाने म्हणे विचारलं, ओठाला लाली लावली होती का?

फोटोसाहेब दुपारी मागच्या खोलीत आला. हातातला पेपर त्याने तिच्यापुढे धरला.

"हे काय केलंस?"

"काम," ती म्हणाली. मेजावरून मान वर केली नाही.

"तसाच ठेव म्हणून सांगितलं होतं ना? माझं हसं केलंस सगळ्या गावात! माझा चेहरा पुसून टाकलास!"

"बायकांना हेच करून देते तेव्हा त्या आभार मानून घेऊन जातात. तुमच्या बाबतीत ते पुसणं कसं काय झालं?"

"बाईचं वेगळं असतं."

"काय वेगळं?"

"आता काय सांगायचं... बाईला ते बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत नाही?"

"वय," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला कळलं की आपण काय बोललो.

दारात येऊन उभी राहिलेली पाकीटताई म्हणाली, "दादा, तू आता चहा घे आणि थोडा वेळ तोंड त्या कपातच ठेव."

पण पेन्सिलबाई आता थांबणार नव्हती. अठ्ठावीस वर्षं ती हळू आवाजात बोलत आली होती, बाहेर गिऱ्हाईक असायचं म्हणून. आता तिने पेन्सिल खाली ठेवली.

"मी जळते तुमच्यावर. ऐकलंत? सकाळी तुम्ही आरशासमोर भांग पाडता ना, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो."

"माझ्यावर?" तो खरोखरच चक्रावला. "अगं, मी केलं काय?"

"तुम्ही म्हातारे झालात. राजरोस, शोकेसमध्ये बसून, चार लोकांच्या डोळ्यांदेखत. आणि मला तिथे त्या पोरीच्या मागे लपवून ठेवलंत."

तो खुर्चीत बसला. पेपराची घडी घालत आणि उलगडत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे वेगळीच अडचण होती. पेन्सिल पुसता आली असती, पण पात्याने खरवडलेले केस काही परत येणार नव्हते. ती निगेटिव्ह गेली ती गेलीच. मंगळवारी पेपरात दुसरा फोटो द्यायचा तर पुन्हा बसावं लागणार, आणि फुगा दाबायला तीच पाहिजे.

"मी दाबते," ती म्हणाली. "एकही रेघ बुजवणार नाही. पण आधी माझा काढा. आजचा. आणि तो शोकेसमध्ये लागला पाहिजे."

"आणि तुझा तो जुना?"

"तिचं आता पुरे झालं."

त्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने छताकडे.

पेन्सिलबाई तशीच, शिशाच्या बोटांनी, खुर्चीत जाऊन बसली. त्याने कॅमेरा पुढे ओढला, डोक्यावर काळं कापड घेतलं, बाहेर आला, आणि त्याचा हात भिंतीवरच्या खिळ्याकडे गेला. त्या खिळ्याला एक लाकडी चौकट असायची, तिच्यावर बारीक काळी जाळी ताणून बसवलेली. भिंगापुढे ती धरली की चेहरा धुक्यातून आल्यासारखा मऊ येतो. तीस ओलांडलेल्या प्रत्येक बाईपुढे ती जाळी लागायची. त्याने ती काढून भिंगापुढे बसवलीसुद्धा.

"जाळी," ती म्हणाली.

"काय?"

"जाळी काढा."

तो जाळीकडे बघत राहिला, आपल्याच हातात दुसऱ्या कुणाची वस्तू सापडावी तसा. "अगं, हात आपोआप गेला."

"माहीत आहे. दिवाही बाजूला घ्या."

त्याने दिवा बाजूला घेतला. घेताना दोनदा अडखळला. बाईच्या चेहऱ्यावर असा बाजूचा उजेड टाकायची त्याला सवयच नव्हती.

निगेटिव्ह धुऊन वाळली आणि मेजावर आली, तेव्हा पाकीटताई पदर खोचून शेजारी उभी होती. काचेवर पेन्सिलबाईचा चेहरा उजळला. कलप महिनाभर लावला नव्हता, त्यामुळे भांगापाशी बोटभर पट्टी पांढरी झाली होती. निगेटिव्हवर ती काळीभोर दिसत होती, आणि तिच्याखाली कलपाचे केस पांढरेफटक.

"बघा, इथे तरी तुमचा बरोबर हिशेब आहे," पाकीटताई म्हणाली.

पेन्सिलबाई हसली. आणि हसता हसता थांबली, कारण तिच्या हातात पेन्सिल होती आणि ओठाच्या कडेची एक रेघ निम्मी भरून झाली होती. कधी उचलली, कधी टेकवली, काही कळलं नव्हतं. तिने टर्पेंटाइनमध्ये बोळा बुडवून ती पुसली. हात मांडीखाली दाबून बसली.

"थोडं तरी करा, वहिनी. निदान मानेचं. मान कुणाला हवीय?"

"मला."

"बरं बाई. तुमची मान, तुम्ही आणि तुमचा हट्ट."

दोन्ही नवे फोटो एकाच दिवशी शोकेसमध्ये लागले. दोघांवर दिवा बाजूचा, दोघांना जाळी नाही, दोघांना पेन्सिल नाही. पेन्सिलबाई रस्त्यापलीकडे शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्हींकडे नीट पाहिलं. एकाच दुकानात झिजलेली दोन माणसं. तिला वाटलं, आता एवढं शेजारी शेजारी मांडल्यावर लोकांना दिसेलच.

लोकांना दिसलं, पण भलतंच.

"वा! फोटोसाहेब, आता कसे भारदस्त दिसता! तो पेपरातला कुणी काढला होता?" असं म्हणून लोकांची नजर शेजारच्या फ्रेमवर जायची, तिथे जराशी थबकायची, आणि मग आवाज उतरायचा. "बाई आजारी होत्या का हो?"

दूधवाल्याने विचारलं. पोस्टमनने विचारलं. शिंप्याने बायकोला विचारायला पाठवलं. पाकीटताईने पहिल्या दिवशी सगळ्यांना सरळ उत्तर दिलं, "नाही, ठणठणीत आहे." दुसऱ्या दिवशी ती वैतागली. "आजारी होत्या का?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "हो ना. छप्पन्न वर्षं झाली. सुधारणा नाही."

परगावी असलेल्या मुलीचं पत्र आलं. तिने दोन्ही फोटोंच्या प्रती मागवल्या होत्या. 'बाबांचा अप्रतिम आलाय, फ्रेम करून घेतला. आई, तुझा लावायची घाई का केलीस? जरा विश्रांती घेऊन, तोंड ताजं करून बसायचंस.' पेन्सिलबाईने पत्र दोनदा वाचलं. मुलीची निगेटिव्ह तिने लहानपणापासून कधी हाताळली नव्हती, हात लावावा असं तिथे काही नव्हतंच. पस्तिशीला आलीस बाई, तिने मनात म्हटलं, तुलाही बघते.

नवऱ्याचा हेवा कमी होईल असं तिला वाटलं होतं. तो उलट वाढला. पूर्वी निदान असं म्हणता यायचं की, मला संधीच दिली नाही. आता संधी मिळाली होती, त्याच काचेमागे, त्याच उजेडात, आणि तरी तो भारदस्त आणि ती आजारी. रोज सकाळी शोकेसची काच पुसताना ती त्याच्या फ्रेमपुढे मुद्दाम जरा कमी पुसायची. एवढंच तिच्या हातात होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती बाजारातून परत आली, तर शोकेसचं दार उघडं. फोटोसाहेब किल्ली दातात धरून आत वाकला होता. तिचा फोटो भिंतीला टेकून जमिनीवर, आणि अठ्ठावीस वर्षांची ती त्याच्या काखेत.

"चाललंय काय?"

त्याने किल्ली तोंडातून काढली. "हे बघ, तीन आठवड्यांत एक नवी बाई दुकानात आलेली नाही. सगळ्या त्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जातात. तुझा फोटो बघतात, मान खाली घालतात आणि चालू पडतात."

"मग काढायचे तर दोन्ही काढू. तुमचाही."

"माझा कशाला?"

"माझ्यामुळे बायका येत नाहीत, मान्य. तुमच्यामुळे तरी कोण यायचंय? दोन्ही खिळे मोकळे राहू देत."

त्याने आपली फ्रेम खिळ्यावरून काढली. हातात धरली. शर्टाच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसली, कडा पुसल्या. शेवटी म्हणाला, "हा असू दे ना. याने काही बिघडत नाही."

"तेच म्हणतेय मी."

आपली फ्रेम त्याने परत आपल्या खिळ्याला अडकवली. त्याने जमिनीवरचा तिचा फोटो उचलून उजेडात धरला. "तुला वाटतं मला तू वाईट दिसतेस म्हणून काढतोय," तो म्हणाला. "तसं नाही. लोक मला विचारतात, बाईंना काय झालं. आणि असं बघतात माझ्याकडे, जसं काही मीच केलंय."

"मग सांगत जा त्यांना."

"काय सांगू?"

"तुम्हाला जे झालं तेच मला झालं म्हणून."

"तुमचं लावा-काढा झालं असेल तर मी आत येऊ का?" असा मागून आवाज आला. दोघंही वळले. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई होत्या, हातात छत्री, पायरीवर किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या महिनाअखेर निवृत्त होत होत्या. शाळेच्या सभागृहात आजवरच्या मुख्याध्यापकांचे अकरा फोटो होते, सगळे पुरुषांचे. बाराव्या खिळ्यावर त्यांचा लागणार होता.

त्या शोकेसपाशी वाकल्या, फोटोसाहेबाच्या हातातली फ्रेम त्यांनी चष्मा सावरून पाहिली आणि मग पेन्सिलबाईकडे पाहिलं. "या तुम्हीच ना? माझाही असाच काढा. त्या अकरा जणांमध्ये मला कुणाची नात म्हणून नाही बसायचं."

फोटोसाहेबाने हातातली फ्रेम परत तिच्या खिळ्याला अडकवली. नाइलाजानेच, गिऱ्हाइकासमोर दुसरं करणार काय? अठ्ठावीस वर्षांची ती काखेतच राहिली, तिला त्याने आत नेऊन कपाटामागे ठेवलं.

खुर्चीत बसल्यावर मोठ्या बाईंची मान ताठ झाली. फोटोसाहेब कॅमेऱ्यामागे गेला, थांबला, आणि त्याने उभ्या आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "जाळी लावू का?"

"कसली जाळी?"

त्याने चौकट दाखवली, समजावून सांगितलं.

"अगंबाई! म्हणजे माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या फोटोत मी या जाळीतून बघत होते? आणि मी समजत होते, तेव्हा तब्येत चांगली होती." त्या मनापासून हसल्या. "राहू दे जाळी."

फोटो निघाला. उठता उठता त्या पेन्सिलबाईजवळ आल्या, आवाज खाली करून म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी पेन्सिलीने करता ना नंतर?"

"करते. तुमचं किती ठेवू?"

मोठ्या बाईंनी विचार केला, जसा पेपर तपासताना करत असाव्यात. "कपाळ सगळं ठेवा. ते शाळेचं आहे. डोळ्यांखालचं काढलंत तरी चालेल, ते घरचं आहे. घरच्यांना शाळेच्या भिंतीवर कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिलबाई त्यांची निगेटिव्ह घेऊन बसली. डोळ्यांखालचं सांगितल्याप्रमाणे भरून टाकलं, अलगद, अगदी नाहीसं न करता. मग हात वर सरकला आणि तिने तो मागे घेतला. कपाळावर तीन आडव्या रेघा होत्या, पट्टीने आखाव्यात तशा सरळ, एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत. अकरा पुरुषांच्या अकरा कपाळांशेजारी हे कपाळ आता कायमचं राहणार होतं. बाहेर शिंपी फोटोसाहेबांच्या फोटोला पुन्हा भारदस्त म्हणत होता. ते तिला ऐकू आलं, टोचलंही. पण या वेळी ती त्याच्यासाठी उठली नाही. ती त्या तीन रेघांकडे बघत राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला एका बाईच्या सुरकुत्यांचा मनापासून हेवा वाटला.